‘सद्गती’ : कथा, चित्रपट आणि परीक्षणाची वाट

काही वर्षांपूर्वी इयत्ता नववीच्या वर्गात आम्ही मुन्शी प्रेमचंद यांची ‘सद्गती’ ही कथा वाचून घेतली. पुढच्या रविवारी सत्यजित राय यांनी त्याच कथेवर काढलेला चित्रपट भोजनगृहात सर्वांना दाखविला आणि दोहोंचे परीक्षण लिहून आणण्यास सांगितले. वह्या आल्या. जवळजवळ प्रत्येक वहीत तीन पाने गोष्ट पुन्हा सांगितलेली होती आणि शेवटी एकच ओळ होती : चित्रपट फार चांगला असून तो सर्वांनी अवश्य पाहावा. एका मुलीच्या वहीत मात्र गोष्ट नव्हती. तिने दोनच वाक्ये लिहिली होती. दुखी ‘नाही’ का म्हणाला नाही, हे मला कळले नाही. म्हणून मला पुढे लिहिता आले नाही.

त्या वहीला आम्ही वर्गात सर्वांत कमी गुण दिले. काम अपूर्ण आहे, असा शेराही मारला. आज मागे वळून पाहताना वाटते, की त्या सबंध वर्गात परीक्षणाला खरी सुरुवात केली होती ती त्या एकाच मुलीने. बाकीच्यांनी गोष्ट सांगितली होती. तिने गोष्टीला प्रश्न विचारला होता. आमच्या हातून झालेली ती चूक या लेखाचे निमित्त आहे.

स्मरणिकेसाठी शाळेतील एखाद्या उपक्रमाविषयी लिहावे, असे सुचविण्यात आले तेव्हा हा विषय आम्ही निवडला. इतिहास शिकविणाऱ्यांनी साहित्य-परीक्षणाविषयी का लिहावे, असे कोणी विचारील. इतिहासाच्या अभ्यासात पहिला धडा असतो तो साधनांच्या चिकित्सेचा. हा कागद कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, कोणत्या काळी लिहिला, त्यात कोण बोलते आणि कोणाला बोलू दिलेले नाही, हे पाहिल्याशिवाय इतिहासकार कागदावर विश्वास ठेवीत नाही. कथेकडे आणि चित्रपटाकडेही याच दृष्टीने पाहता येते. तथागतांनी कालामांना जे सांगितले त्याचाही आशय याहून निराळा नाही. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काहीही स्वीकारू नये. स्वतः तपासून पाहावे. परीक्षण म्हणजे या तपासणीचा लेखी अहवाल होय.

प्रथम गोष्ट, पण थोडक्यात

परीक्षणात कथानक सांगू नये असे नाही. ज्याने कथा वाचलेली नाही त्याला पुढचे समजावे, एवढे ते सांगावे. आम्ही मुलांना दहा ओळींची मर्यादा घालतो. ‘सद्गती’चे कथानक या मर्यादेत असे बसते :

दुखी हा उत्तर प्रदेशातील खेड्यातला चर्मकार. मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढण्यासाठी पंडित घासीराम यांना घरी बोलवावयाचे आहे. रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून गवताचा मोठा भारा घेऊन तो उपाशीपोटीच पंडिताच्या दारी जातो. पंडित त्याला आधी झाडलोट, सारवण, भुसा वाहणे आणि लाकडाचा एक गाठीचा ओंडका फोडणे ही कामे सांगतो. दिवसभर त्याला अन्न मिळत नाही. चिलमीसाठी विस्तव मागितला, तर पंडिताची बायको चिमट्यात धरलेला निखारा दुरून फेकते आणि तो त्याच्या डोक्यावर पडतो. शेवटी ओंडका फुटतो आणि त्याच क्षणी दुखीही कोसळून मरतो. गावातील एक गोंड चर्मकारवस्तीत जाऊन प्रेत उचलू नका, असे सांगतो. कोणीही पुरुष येत नाही. प्रेत विहिरीच्या वाटेवर पडलेले असते. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या अंधारात पंडित स्वतः प्रेताच्या पायांना दोरीचा फास लावून ते गावाबाहेर ओढून नेतो, घरी येऊन स्नान करतो आणि गंगाजल शिंपडतो.

कथानक येथे संपले. परीक्षण येथून सुरू होते.

दुसरे काम : हाताशी असलेली माहिती अचूक मांडणे

परीक्षणात नावे, साल आणि श्रेय चुकले, तर वाचकाचा पुढच्या मतावरील विश्वास उडतो. प्रेमचंद यांचे मूळ नाव धनपतराय श्रीवास्तव. जन्म १८८०, निधन १९३६. ‘सद्गती’ ही कथा १९३१ च्या सुमाराची. चित्रपट १९८१ सालचा, दूरदर्शनसाठी काढलेला, एका तासापेक्षाही लहान. सत्यजित राय हे बंगाली दिग्दर्शक. त्यांनी हिंदीत केलेले काम थोडे आणि तेही प्रेमचंदांच्या कथांवर. त्यापूर्वी १९७७ साली त्यांनी ‘शतरंज के खिलाडी’ काढला होता. ‘सद्गती’च्या संवादलेखनात प्रेमचंदांचे चिरंजीव अमृत राय यांचा सहभाग होता. दुखीच्या भूमिकेत ओम पुरी, त्याची पत्नी झुरिया म्हणून स्मिता पाटील, पंडित घासीराम म्हणून मोहन आगाशे आणि गोंडाच्या भूमिकेत भैयालाल हेडाऊ आहेत. मराठी रंगभूमीवर ‘घाशीराम कोतवाल’मध्ये नाना फडणवीस साकारणारे आगाशे येथे स्वतःच घासीराम झाले आहेत, ही गोष्ट आपल्याकडील प्रेक्षकांच्या चटकन लक्षात येते.

मुलांना आम्ही बजावतो, की एवढी माहिती एका परिच्छेदात संपवावी. माहिती हे परीक्षणाचे दार आहे, घर नव्हे.

तिसरे काम : एक प्रश्न धरून ठेवणे

परीक्षणात दहा मते मांडण्यापेक्षा एक प्रश्न शेवटपर्यंत धरून ठेवणे अधिक मोलाचे असते. त्या मुलीचा प्रश्न आपण येथे घेऊ. दुखी ‘नाही’ का म्हणाला नाही?

या प्रश्नाचे उत्तर वाचकाने मनाने द्यावयाचे नाही; ते मजकुरात शोधावयाचे आहे. कथेच्या आरंभीच दुखी आणि झुरिया पंडिताला बसवावयाचे कशावर याचा खल करीत असतात. आपल्या बाजेवर तो बसणार नाही, वरच्या जातीचे लोक बाज देणार नाहीत, म्हणून मोहाच्या पानांची पत्रावळ करावी, असे ठरते. शिध्याची यादीही ठरते : शेरभर पीठ, अर्धा शेर तांदूळ, पावशेर डाळ, अर्धा पाव तूप, मीठ, हळद आणि पत्रावळीच्या कडेला चार आणे. या कशालाही आपला हात लागता कामा नये, म्हणून दुकानातून आणण्यासाठी गोंडाच्या मुलीला सोबत न्यावयाचे, हेही ठरते. ही यादी विद्यार्थ्यांनी वहीत उतरवून घ्यावी आणि तिच्यासमोर दुसरी यादी लिहावी : त्या दिवशी दुखीने काय खाल्ले? दुसरी यादी कोरी राहते. लेखकाने कोठेही शोषण हा शब्द न वापरता सांगितलेली गोष्ट या दोन याद्यांमधून दिसते. परीक्षकाचे काम हे असे पुरावे शेजारीशेजारी मांडण्याचे आहे.

पुढे निखाऱ्याचा प्रसंग पाहू. डोके भाजले, तेव्हा दुखीच्या मनात राग येत नाही. ब्राह्मणाचे घर आपण बाटविले, त्याचे फळ लगेच मिळाले, असे त्याला वाटते. गोंड त्याला विचारतो, की तुला काही खायला तरी दिले का? त्यावर ब्राह्मणाची भाकरी आपल्याला पचणार नाही, अशा अर्थाचे उत्तर तो देतो. म्हणजे दुखीच्या तोंडावर कोणी हात ठेवलेला नाही; ‘नाही’ हा शब्दच त्याच्या मनातून काढून घेतलेला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेचे मूळ धर्मशास्त्रावरील श्रद्धेत आहे, असे १९३६ साली ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले. प्रेमचंदांची कथा त्याच श्रद्धेचे चित्र त्याआधी पाच वर्षे रेखाटते. पंडिताने दुखीला मारहाण केलेली नाही. मुहूर्त नीट निघाला नाही तर मला दोष देऊ नकोस, एवढेच तो म्हणतो, आणि तेवढे पुरते.

हे लक्षात आले, की ‘दुखी मूर्ख आहे’ हे मत टिकत नाही. एका मुलाने असे लिहिले होते. त्याच्यावर रागावण्यापेक्षा आम्ही त्याला विचारले, की मूर्खपणा आणि शिकविलेली श्रद्धा यांत फरक काय? ओंडक्याविषयी कथेत एक साधी नोंद आहे : त्या गाठीवर आधी अनेक भक्तांनी आपली ताकद आजमावून पाहिली होती. म्हणजे दुखी पहिला नव्हता. मूर्ख एकटा असू शकतो. पिढ्यान्‌पिढ्या त्याच ओंडक्यापुढे रांग लागते, तेव्हा तो मूर्खपणा नसतो, ती व्यवस्था असते. त्या मुलाने दुसऱ्या लेखनात ते वाक्य खोडून तेथे हा ओंडक्याचा पुरावा दिला. आमच्या मते परीक्षण शिकणे म्हणजे एवढेच : मत देणे सोपे असते, पुराव्यानंतर ते बदलण्याची तयारी ठेवणे अवघड.

चौथे काम : माध्यम बदलले, की काय बदलले?

कथेवरील चित्रपटाचे परीक्षण करताना बहुतेक जण कथेत जे होते ते चित्रपटात आले की नाही, याची हजेरी घेतात. हजेरी पुरेशी नाही. कथा शब्दांनी बोलते, चित्रपट चेहरा, आवाज, अंतर आणि वेळ यांनी बोलतो. म्हणून प्रश्न असा असावा : जे चित्रपटाला शब्दांत सांगता येत नव्हते, ते त्याने कशाने सांगितले? आणि सांगताना अर्थ तोच राहिला काय?

तीन ठिकाणे पाहू.

पहिले, दुखीचे मन. कथेत निवेदक आपल्याला दुखीच्या मनात नेतो आणि तेथील भीती व श्रद्धा दाखवितो. चित्रपटात हे अंतर्गत विचार ऐकू येत नाहीत. दिसते ते ओम पुरी यांचे शरीर. चित्रपटातला दुखी नुकताच तापातून उठलेला आहे, ही भरही रायांनी घातली आहे. शेवटच्या घावांच्या वेळी कथेतला दुखी भानावर नसतो. कोणती तरी गुप्त शक्ती त्याचे हात चालवीत असते. पडद्यावर मात्र त्या घावांत आम्हांला राग दिसतो. जो राग पंडितावर काढता येत नाही, तो लाकडावर निघतो. काही विद्यार्थ्यांना तो राग न दिसता केवळ थकवा दिसला. दोन्ही वाचने चालतील, मात्र प्रत्येकाने कोणत्या दृश्यावरून आपण असे म्हणतो ते लिहिले पाहिजे.

दुसरे, झुरिया. कथेत दुखीची बायको आणि मुलगी वस्तीतील आणखी काही बायांबरोबर येतात, आक्रोश करतात. त्यांच्या शोकाला समूहाचा आवाज आहे. चित्रपटात पावसातली एकटी झुरिया आपल्या लक्षात राहते. स्मिता पाटील पंडिताच्या बंद दारापुढे रडतात, ते रडणे हळूहळू जाबात बदलते आणि दार उघडत नाही. येथे काही मिळाले आणि काही गेलेही. एका स्त्रीचा जाब मिळाला. बायांचा समूह मागे पडला.

तिसरे, शेवट. कथेच्या शेवटी निवेदक आपला उपरोध लपवीत नाही. शेतात पडलेल्या प्रेताचे लचके कोल्ही, गिधाडे, कुत्री आणि कावळे तोडीत आहेत, असे सांगून जन्मभराच्या सेवेचे आणि निष्ठेचे हे बक्षीस, असा निर्णय तो देऊन टाकतो. ‘सद्गती’ या शीर्षकाचा अर्थ तेथे उघडा होतो. चित्रपटात असा निर्णय देणारा कोणी नाही. पंडित प्रेत ओढत मेलेली जनावरे टाकण्याच्या जागी नेतो आणि परतून दुखी जेथे मेला ती जागा पाणी शिंपडून शुद्ध करतो. निर्णय प्रेक्षकावर सोपविलेला आहे. जो प्रेक्षक जातीचे वास्तव जाणतो, त्याला तो लगेच कळतो. जो जाणत नाही, तो अरेरे म्हणून उठून जाण्याची शक्यता राहते. चित्रपटाच्या संयमाची ही ताकद आहे आणि मर्यादाही आहे, असे आमचे मत आहे.

पाचवे काम : कृतीत काय नाही, तेही पाहणे

येथे सर्वांत जास्त सावधगिरी हवी. आपल्या समाजात अशा कलाकृतींविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत असे, की प्रेमचंद आणि राय एवढे मोठे, त्यांच्यावर आपण काय बोलणार? दुसरे असे, की लेखक आपल्यातला नाही, तेव्हा त्याचे वाचावयाचेच कशाला? दोन्ही मतांत वाचण्याचा त्रास वाचतो, म्हणून ती लोकप्रिय आहेत. पहिले मत लेखकाच्या मोठेपणापुढे नमते. दुसरे त्याच्या जन्मावरून निकाल देते. जन्मावरून निकाल देण्याच्या पद्धतीविरुद्धच तर आपला लढा आहे.

तरीही लेखक कोठे उभा राहून पाहतो, हा प्रश्न न्याय्य आहे. प्रेमचंद कायस्थ कुटुंबातले. त्यांनी दुखीचे दुःख पाहिले, हे निर्विवाद. परंतु कथा लिहिली गेली तो काळ कोणता होता? १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्या लोकांनी ओंजळीत घेतले होते. त्याच वर्षाच्या २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्याच वर्षी बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले. हे सारे महाराष्ट्रात घडले, दुखीचे गाव तर उत्तरेत होते, असे कोणी म्हणेल. पण उत्तरेतही स्वामी अछूतानंद यांची आदि-हिंदू चळवळ १९२०च्या दशकात कानपूर परिसरातून उभी राहिली होती. म्हणजे ‘नाही’ म्हणणारी माणसे त्या काळी त्या प्रदेशातही होती. कथेत त्यांची चाहूल लागत नाही. दलित लेखकांनी प्रेमचंदांच्या ‘कफन’ या कथेवर अशाच स्वरूपाची कठोर टीका केली. हिंदीतील ओमप्रकाश वाल्मीकी हे त्यांपैकी एक होत.

चित्रपटाच्या काळाविषयीही हाच प्रश्न विचारता येतो. चित्रपट १९८१ चा. तोपर्यंत संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केल्याला तीन दशके झाली होती. आणि त्याच्या तीनच वर्षे आधी, जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात होताच मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. या स्मरणिकेच्या अनेक वाचकांनी तो काळ स्वतः पाहिला आहे. चित्रपटाने कथा तिच्या जुन्या काळातच ठेवली. त्यामुळे शहरातील प्रेक्षकाला हे पूर्वीचे आहे, असे म्हणण्याची सोय राहिली. हा चित्रपटाचा दोष म्हणावा काय? आम्ही तो दोष न म्हणता मर्यादा म्हणू. परीक्षकाने एक शिस्त पाळावी : कृतीने जे केले आहे त्याचे मूल्यमापन आधी, जे केलेले नाही त्याची चर्चा नंतर, आणि दोहोंचे परिच्छेद वेगळे.

मजकुरातला दडलेला ‘नकार’

कृतीत काय नाही हे पाहताना कृतीत जे आहे ते नजरेतून निसटण्याचा धोका असतो. आमच्याही नजरेतून ते बरीच वर्षे निसटले होते.

दुखी ‘नाही’ म्हणत नाही, हे खरे. पण कथेत एक ‘नाही’ आहे. तो त्याच्या मृत्यूनंतर येतो आणि संपूर्ण वस्ती तो म्हणते. गोंडाने सांगितल्यावर चर्मकारवस्तीतला एकही पुरुष प्रेत उचलावयास जात नाही. पंडित स्वतः वस्तीत येऊन सांगतो, तरी जात नाही. यामागे पोलिसांची भीती आहे, असे मजकुरातच स्पष्ट आहे. ते लपविण्याचे कारण नाही. पण भीतीपोटी आलेल्या नकाराचाही परिणाम पाहावा. ब्राह्मणवस्तीची विहिरीची वाट अडते. जन्मभर ज्याने कोणाला कामे सांगितली, त्या पंडिताला ते काम स्वतः करावे लागते.

आणि ते काम कोणते? मेलेले ओढून गावाबाहेर नेण्याचे. गावाने हे काम शतकानुशतके आपल्या माणसांवर लादले होते. महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेली जनावरे ओढण्याचे आणि मृतमांस खाण्याचे सोडून देण्याचा उपदेश केला होता. महाराष्ट्रात वस्त्यांनी हे काम नाकारले, तेव्हा गावागावांत त्यांच्यावर बहिष्कार पडले. जुन्या पिढीने त्याच्या आठवणी आपल्याला सांगितल्या आहेत. प्रेमचंदांच्या कथेत एका चर्मकाराचे प्रेत जनावरासारखे ओढले जाते, हा अपमान आहेच. परंतु दोरी पंडिताच्या हातात आहे, हेही तेथेच लिहिलेले आहे. वस्तीने काम नाकारले, की दोरी कोणाच्या हातात येते, हे त्या शेवटाने नकळत दाखविले. लेखकाला हे अभिप्रेत होते की नाही, हे ठरविण्याची परीक्षकाला गरज नाही. मजकुरात ते आहे, एवढे दाखविता आले म्हणजे पुरे.

एक प्रश्न त्यातूनही उरतो. जागे करणारा आवाज लेखकाने गोंडाला दिला, चर्मकाराला का दिला नाही? वर्गात यावर मोठी चर्चा झाली. कोणी म्हणाले, की गोंड आदिवासी, तो वर्णाच्या उतरंडीबाहेरचा, म्हणून त्याच्या मनावर पंडिताचा धाक कमी. कोणी म्हणाले, की वस्तीतला माणूस बोलू शकेल, असे लेखकालाच वाटले नसावे. दोन्ही उत्तरे वह्यांत राहू दिली. पुढे मराठीत बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ साली आला, तेव्हा वस्तीतला माणूस स्वतःच बोलू लागला. ‘सद्गती’ आणि बागुलांच्या कथा शेजारीशेजारी ठेवून वाचल्या, की कोणाबद्दल लिहिणे आणि कोणी स्वतः लिहिणे यांतील फरक विद्यार्थ्यांना व्याख्येशिवाय कळतो.

लिहिताना

वरील सारे वाचून झाल्यावर विद्यार्थी विचारतात, की प्रत्यक्ष लिहावयाचे कसे? आम्ही एवढेच सांगतो. कथा दोनदा वाचावी. पहिल्यांदा वाचक म्हणून, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. चित्रपटही शक्य असल्यास दोनदा पाहावा. दुसऱ्या वेळी थोडा वेळ आवाज बंद करून. आपला प्रश्न एका वाक्यात लिहून वहीच्या माथ्यावर ठेवावा. प्रत्येक मताखाली ‘कशावरून?’ हा शब्द लिहावा आणि त्यापुढे प्रसंग द्यावा. प्रसंग सापडला नाही, तर मत खोडावे. ‘अप्रतिम’, ‘हृदयस्पर्शी’, ‘अंगावर काटा आणणारे’ हे शब्द टाळावेत, कारण ते कोणत्याही चित्रपटाला लावता येतात. आपल्या मताच्या विरुद्ध जाणारा एक तरी पुरावा स्वतःहून द्यावा. आणि शेवटी निर्णय द्यावा. तो न देता पळ काढू नये.

पालकांना वाटेल, की एवढा खटाटोप दहावीच्या गुणांसाठी उपयोगाचा आहे काय? थोडासा आहे. पण वसतिगृहातील मुले पुढे जेथे जातील, तेथे त्यांना आपल्याविषयी इतरांनी लिहिलेल्या आणि दाखविलेल्या कितीतरी गोष्टी भेटतील : पाठ्यपुस्तकांत, वृत्तपत्रांत, पडद्यावर. त्या मुकाट्याने मान्य करणे किंवा चिडून फेकून देणे, या दोनच वाटा त्यांच्यापुढे राहू नयेत. शांतपणे वाचून, पुरावा दाखवून, हे बरोबर आहे आणि हे बरोबर नाही, असे सांगण्याची तिसरी वाट त्यांच्या हाती असावी. बाबासाहेबांनी शत्रूचेही ग्रंथ पानापानावर खुणा करीत वाचले, ते याच कारणासाठी. मुले सुटीत घरी आली, की चित्रपट कसा होता, एवढेच विचारून थांबू नये. कशावरून, हेही विचारावे. लिहिता-वाचता न येणारी आईसुद्धा हा प्रश्न विचारू शकते.

ती दोन वाक्यांची वही लिहिणारी विद्यार्थिनी आता या शाळेची माजी विद्यार्थिनी आहे. ही स्मरणिका तिच्यापर्यंत पोहोचेल, अशी आशा आहे. त्या वेळी दिलेले गुण आम्ही मागे घेत आहोत. तिच्या प्रश्नाचे आम्हांला सापडले तेवढे उत्तर वर लिहिले आहे. ते अपुरे वाटल्यास तिने ते आमच्या चुका दाखवून पुरे करावे.

जयभीम! नमो बुद्धाय!